गिग कामगार व जोडधंदे यांवरील प्राप्तिकर

गिग कामगार व जोडधंदे यांवरील प्राप्तिकर : कायम नोकरीच्या चौकटीबाहेर, कामागणिक मोबदला घेऊन मिळविलेल्या उत्पन्नावर, तसेच मुख्य नोकरी सांभाळून केलेल्या पूरक व्यवसायाच्या उत्पन्नावर आकारला जाणारा प्रत्यक्ष कर. हा स्वतंत्र कर नसून सर्वसाधारण प्राप्तिकराचाच एक भाग आहे. त्याचे दरही इतर करदात्यांना लागू असणारेच आहेत. तथापि नोकरदाराच्या बाबतीत उत्पन्न मोजणे, कर कापणे, तो सरकारात भरणे व त्याचा दाखला देणे ही सर्व कामे मालक करतो, तर गिग कामगाराच्या बाबतीत ती बहुतांशी कामगाराच्याच अंगावर पडतात. या करासंबंधीचे बहुतेक प्रश्न व गैरसमज या एका फरकातून उद्‌भवतात.

संज्ञा व व्याप्ती : ‘गिग’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जॅझ वादकांच्या बोलीत एका कार्यक्रमापुरत्या ठरविलेल्या कामासाठी रूढ झाला. पुढे कोणत्याही अल्पकालीन, कामापुरत्या कराराला तो लावण्यात येऊ लागला. भारतातील ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ हिने मालक व नोकर यांच्या पारंपरिक संबंधांबाहेर राहून काम करणारी व त्यापासून कमाई करणारी व्यक्ती, अशी गिग कामगाराची व्याख्या केली आहे. ॲपसारख्या संगणकीय मंचाच्या द्वारे काम मिळविणाऱ्यांना तीत ‘मंच कामगार’ असे वेगळे नाव आहे. टॅक्सी व रिक्षा चालविणारे, खाद्यपदार्थ व सामान घरपोच करणारे, घरी येऊन दुरुस्ती वा सौंदर्यप्रसाधनाची सेवा देणारे, तसेच संगणकाद्वारे दूरच्या ग्राहकांचे आरेखन, भाषांतर किंवा आज्ञावलीलेखन करणारे या वर्गात मोडतात. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये भारतात सु. ७७ लाख लोक या क्षेत्रात होते व २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज होता.

जोडधंदा ही कल्पना मात्र जुनी आहे. नोकरी करून संध्याकाळी शिकवण्या घेणे, घरगुती डबे पुरविणे, शिवणकाम करणे, पापड-लोणची करून विकणे, हंगाम संपल्यावर शेतकऱ्याने शहरात वाहन चालविणे हे प्रकार महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत. पूर्वी हे व्यवहार रोखीने व ओळखीपाळखीत होत आणि त्यांची नोंद क्वचितच राही. आता मोबदला मंचामार्फत किंवा बँकेच्या खात्यावर जमा होतो आणि त्याची माहिती प्राप्तिकर विभागास आपोआप मिळते. त्यामुळे उत्पन्न लहान असले, तरी त्याचा हिशेब ठेवणे ही आता सर्वसामान्य माणसाचीही गरज झाली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० मध्ये जेम्स विल्सन याने बसविला. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरून काढणे, हा त्याचा हेतू होता. १८६७ मध्ये धंदे व व्यवसाय यांवर परवाना कर बसविण्यात आला. १८८६ च्या अधिनियमाने पगार व निवृत्तिवेतने, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर मार्गांचे उत्पन्न असे चार वर्ग पाडले व शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. १९२२ च्या अधिनियमानंतर ‘प्राप्तिकर अधिनियम, १९६१’ हा १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आला. त्याची जागा घेणाऱ्या ‘प्राप्तिकर अधिनियम, २०२५’ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिनांक आहे. नव्या अधिनियमात ‘पूर्व वर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आहे व कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु येथे वर्णिलेली मूलतत्त्वे कायम आहेत. प्रस्तुत नोंदीतील दर व मर्यादा, अन्यथा नमूद केले नसल्यास, २०२५-२६ या वित्तीय वर्षाच्या आहेत.

नोकर की स्वतंत्र व्यावसायिक : कर कसा आकारावयाचा, हे प्रथमतः काम करणारा व काम देणारा यांच्यातील नात्यावर अवलंबून असते. काम काय करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे, हे सांगण्याचा अधिकार काम देणाऱ्यास असेल, तर ते नाते मालक-नोकराचे, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने धरंगधरा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५६) मांडली. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगार नगावर मजुरी घेत आणि आपल्या सोयीने येत-जात. तरीही ते कारखाना अधिनियमाखालील कामगारच होत, असे याच न्यायालयाने बिर्धीचंद शर्मा खटल्यात म्हटले. हा निवाडा १९६१ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. वेळेचे स्वातंत्र्य असले म्हणजे नोकरी नव्हे, असे सरसकट म्हणता येत नाही, हा त्याचा इत्यर्थ आजच्या मंच कामगारांच्या संदर्भातही विचारात घेण्याजोगा आहे.

मात्र कामगार कायदा व करकायदा यांची उत्तरे एकच असतील, असे नाही. मध्यस्थ कंपन्या चालक वा वाटप करणारा यांस ‘भागीदार’ म्हणतात, त्यास वेतनपत्रक देत नाहीत व वेतनावरील करही कापत नाहीत. त्यामुळे प्राप्तिकराच्या दृष्टीने तो स्वतःचा धंदा करणारा ठरतो. या स्थानाचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. धंद्यासाठी केलेला खर्च त्यास उत्पन्नातून वजा करता येतो, जो नोकरदारास सामान्यतः करता येत नाही. उलट नोकरदारास मिळणारी ७५,००० रु. ची प्रमाणित वजावट त्यास मिळत नाही.

उत्पन्नाचे वर्गीकरण : भारतीय प्राप्तिकर कायद्यात वेतन, घरमालमत्ता, धंदा किंवा व्यवसाय यांतील नफा, भांडवली लाभ व इतर मार्गांचे उत्पन्न असे उत्पन्नाचे पाच शीर्ष आहेत. गिग काम व नियमित जोडधंदा यांचे उत्पन्न तिसऱ्या शीर्षाखाली येते. एखाद्या शिक्षकास क्वचित मिळालेले परीक्षकाचे मानधन यांसारखी प्रासंगिक प्राप्ती इतर मार्गांच्या उत्पन्नात धरली जाते. सातत्य, नफ्याचा हेतू व कामाची पद्धतशीर आखणी असेल, तर तो धंदा समजला जातो. बक्षिशी, कंपनीने दिलेला प्रोत्साहन भत्ता आणि लक्ष्य गाठल्याबद्दलची रक्कम ही सर्व धंद्याचीच जमा होय. जाहिरातीच्या मोबदल्यात मिळालेली वस्तूही तिच्या मूल्याइतके उत्पन्न ठरते; अशा लाभांचे मूल्य वर्षात २०,००० रु. हून अधिक झाल्यास देणाऱ्याने १०% कर कापावा, असा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. उलटपक्षी खात्यावर आलेली प्रत्येक रक्कम उत्पन्न नसते. कर्जाऊ घेतलेले पैसे, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून वळविलेली रक्कम किंवा घरातील जुना पंखा विकून आलेले पैसे यांचा जमेत समावेश होत नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी ते ५,००० रु. हून अधिक असून इतर उत्पन्नही किमान करमुक्त मर्यादेपलीकडे गेल्यास कराचा दर ठरविण्यापुरते ते हिशेबात घेतात. भारतातील निवासी व्यक्तीस परदेशस्थ ग्राहकाकडून मिळालेला मोबदलाही येथे करपात्र असतो. तेथे भरलेल्या कराबद्दल उभयदेशीय करारानुसार सवलत मिळू शकते.

एकूण जमा व करपात्र उत्पन्न : एकूण जमा म्हणजे उत्पन्न नव्हे. एकूण जमेतून धंद्यासाठी केलेला खर्च वजा जाता उरणारा नफा हेच उत्पन्न होय. मंचामार्फत टॅक्सी चालविणाऱ्याच्या बाबतीत प्रवाशाने दिलेले संपूर्ण भाडे ही जमा आणि कंपनीने कापून घेतलेली दलाली हा खर्च असतो. खात्यावर जमा झालेली रक्कम हीच आपली जमा, असे पुष्कळ चालक समजतात. परंतु कंपनीने सरकारला कळविलेला आकडा संपूर्ण भाड्याचा असतो. या दोहोंतील तफावतीमुळे प्राप्तिकर विभागाकडून पुढे विचारणा होण्याचा संभव असतो.

इंधन, दुरुस्ती, विमा, वाहनकर्जावरील व्याज, वाहनाचे भाडे, दूरध्वनी व इंटरनेट यांचा धंद्यापुरता भाग, मंचाची दलाली किंवा दैनिक शुल्क हे मान्य खर्च आहेत. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दलाचा भाग हा खर्च धरला जात नाही. त्याऐवजी वाहनाच्या किंमतीवर घसारा मिळतो. भाड्याने चालविल्या जाणाऱ्या टॅक्सीवर तो घटत्या मूल्याच्या ३०% दराने धरतात. तेच वाहन घरच्या कामासाठीही वापरले जात असेल, तर खर्च व घसारा यांची विभागणी करावी लागते. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचा दंड मात्र खर्च म्हणून वजा करता येत नाही. तसेच एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रु. हून अधिक रक्कम रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः अमान्य होतो. जोडधंद्यात तोटा आला, तर तो वेतनाच्या उत्पन्नातून वजा होत नाही. मात्र विवरणपत्र मुदतीत दिले असल्यास तो पुढील आठ वर्षांपर्यंत धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.

अनुमानित करआकारणी : लहान व्यावसायिकास खर्चाच्या प्रत्येक पावतीचा हिशेब ठेवणे कठीण जाते, हे ध्यानी घेऊन कायद्याने एक सोपी वाट ठेवली आहे. एकूण जमेचा ठरावीक हिस्सा हाच नफा, असे मानून त्यावर कर आकारला जातो व खर्चाचा तपशील विचारला जात नाही. हिचे प्रमुख प्रकार तीन होत :

(१) सर्वसाधारण धंदे (१९६१ च्या अधिनियमाचे कलम ४४ एडी) : उलाढाल २ कोटी रु. पर्यंत, आणि रोख जमा एकूण जमेच्या ५% हून अधिक नसल्यास ३ कोटी रु. पर्यंत, असणाऱ्यांना ही सोय आहे. बँक अथवा संगणकीय मार्गाने आलेल्या जमेच्या किमान ६% व रोख जमेच्या किमान ८% एवढा नफा मानला जातो. दलाली वा अडतीचे उत्पन्न असणाऱ्यांना, उदा., विमा प्रतिनिधींना, ही तरतूद लागू नाही.

(२) निर्दिष्ट व्यवसाय (कलम ४४ एडीए) : वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, गृहांतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलावंत इ. व्यवसायांसाठी २०१६ च्या वित्त अधिनियमाने ही तरतूद केली. जमा ५० लाख रु. पर्यंत (रोखीचे प्रमाण अल्प असल्यास ७५ लाख रु. पर्यंत) असल्यास निम्मी जमा नफा मानतात. शिकवणीचा व्यवसाय या यादीत नाही.

(३) मालवाहतूक (कलम ४४ एई) : दहापर्यंत मालवाहू वाहने असणाऱ्यास जड वाहनाखेरीज प्रत्येक वाहनामागे दरमहा ७,५०० रु. नफा धरला जातो. प्रवासी टॅक्सीस ही तरतूद लागू नाही.

यांतील टक्केवारी किमान आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो दाखविता येतो. कलम ४४ एडीची वाट एकदा स्वीकारून पुढील पाच वर्षांत सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास हिशेबवह्या ठेवून त्यांची तपासणीही करून घ्यावी लागते.

दर व करसूट : २०२३-२४ पासून नवी करपद्धती ही मूळ पद्धती मानली जाते. तीनुसार ४ लाख रु. पर्यंतचे उत्पन्न करमुक्त असून पुढील प्रत्येक ४ लाख रु. च्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५% आणि २४ लाख रु. वरील उत्पन्नावर ३०% दर आहे. करावर ४% आरोग्य व शिक्षण उपकर असतो. भांडवली लाभासारखे विशेष दराचे उत्पन्न सोडता, १२ लाख रु. पर्यंत एकूण उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीस पूर्ण करसूट मिळते. त्याहून किंचित अधिक उत्पन्न असल्यास कर १२ लाखांवरील वाढीव रकमेपेक्षा अधिक होऊ नये, म्हणून सीमांत सवलत दिली जाते. जुन्या पद्धतीत करमुक्त मर्यादा २.५ लाख रु. असून विमा, भविष्य निर्वाह निधी, गृहकर्ज इ. वजावटी मिळतात.

या निवडीच्या बाबतीत जोडधंद्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. केवळ वेतन असणाऱ्यास दोहोंपैकी कोणतीही पद्धती दरवर्षी निवडता येते. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने मात्र जुनी पद्धती निवडल्यास नव्या पद्धतीकडे एकदाच परतता येते व तदनंतर, धंद्याचे उत्पन्न असेतोवर, जुनी पद्धती त्यास मिळत नाही.

उगमस्थानी करकपात : मंचामार्फत वस्तू वा सेवा विकणाऱ्याच्या एकूण विक्रीवर मध्यस्थ कंपनीने कर कापावा, ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. तिचा १% हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१% करण्यात आला. व्यक्तीची मंचावरील वार्षिक विक्री ५ लाख रु. हून अधिक नसेल व तिने पॅन किंवा आधार क्रमांक दिला असेल, तर ही कपात होत नाही. कामाच्या कंत्राटावर व्यक्तीस दिलेल्या रकमेतून १%, तांत्रिक सेवेच्या शुल्कातून २% व व्यावसायिक शुल्कातून १०% कर कापला जातो. कंत्राटाची मर्यादा एका वेळी ३०,००० रु. किंवा वर्षात १ लाख रु. आणि शुल्काची मर्यादा वर्षात ५०,००० रु. आहे.

कापलेला कर हा अंतिम कर नव्हे. तो करदात्याच्या खात्यावर जमा असलेली आगाऊ रक्कम आहे. वर्षअखेर होणाऱ्या करातून तो वजा होतो व जास्त असल्यास परत मिळतो. मात्र परतावा आपोआप मिळत नाही. त्यासाठी विवरणपत्र द्यावे लागते. ज्यांच्यावर एक पैसाही कर बसत नाही, अशा अल्प उत्पन्नाच्या कामगारांचे पैसे विवरणपत्र न दिल्यामुळेच सरकारात पडून राहतात.

आगाऊ कर : कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर १०,००० रु. किंवा अधिक होत असेल, तर तो वर्ष संपण्यापूर्वीच भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५%, १५ सप्टेंबरपर्यंत ४५%, १५ डिसेंबरपर्यंत ७५% व १५ मार्चपर्यंत संपूर्ण, असे त्याचे हप्ते आहेत. कलम ४४ एडी व ४४ एडीए यांखाली येणाऱ्यांनी संपूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरली तरी चालते. विलंब झाल्यास दरमहा १% व्याज पडते. नोकरदारास ही सवय नसते. दर प्राप्तीतून काही भाग बाजूला काढून ठेवणे, हाच त्यावरील सोपा उपाय होय.

विवरणपत्र : वजावटींपूर्वीचे उत्पन्न किमान करमुक्त मर्यादेहून (नव्या पद्धतीत ४ लाख रु.) अधिक असल्यास विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. करसुटीमुळे प्रत्यक्ष कर शून्य होत असला, तरी हे बंधन कायम राहते. १२ लाख रु. पर्यंत कर नाही, म्हणून विवरणपत्रही नको, ही समजूत चुकीची आहे. उत्पन्न याहून कमी असले, तरी धंद्याची उलाढाल ६० लाख रु. हून अधिक, व्यवसायाची जमा १० लाख रु. हून अधिक किंवा वर्षात कापलेला कर २५,००० रु. वा अधिक असल्यास ते द्यावेच लागते. ‘सहज’ हा नमुना धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यास चालत नाही. अनुमानित आकारणी स्वीकारणाऱ्यांसाठी ‘सुगम’ व हिशेबानुसार नफा दाखविणाऱ्यांसाठी ‘आयटीआर-३’ हा नमुना आहे. भरण्यापूर्वी विभागाच्या संगणकीय प्रणालीवरील वार्षिक माहिती विवरणाशी स्वतःचे आकडे ताडून पाहणे आवश्यक असते.

दोन उदाहरणे : (अ) स्वतःची टॅक्सी मंचामार्फत चालविणाऱ्या एका चालकाचे वर्षाचे एकूण भाडे १०,००,००० रु. आहे, असे समजू. कंपनीची दलाली २,००,००० रु. व ०.१% दराने कापलेला कर १,००० रु. वजा जाता त्याच्या खात्यावर ७,९९,००० रु. जमा होतात. इंधन २,४०,००० रु., दुरुस्ती, विमा व कर्जावरील व्याज मिळून १,१०,००० रु. आणि घसारा १,२०,००० रु. धरल्यास त्याचा नफा ३,३०,००० रु. येतो. अनुमानित पद्धतीने तो किमान ६०,००० रु. दाखविता येतो. एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या कमाईचे असे चार आकडे होतात. दुसरे उत्पन्न नसल्यास यांपैकी कोणत्याही नफ्यावर कर लागत नाही, परंतु कापलेले १,००० रु. विवरणपत्र दिल्यासच परत मिळतात.

(आ) ११,००,००० रु. वार्षिक वेतन असणारा एक अभियंता सुटीच्या दिवशी तांत्रिक सल्ल्याचे काम करून ४,००,००० रु. मिळवितो. प्रमाणित वजावटीनंतर वेतन १०,२५,००० रु. राहते व त्यावर, दुसरे उत्पन्न नसते तर, काहीच कर नसता. सल्ल्याच्या जमेचा निम्मा भाग म्हणजे २,००,००० रु. मिळविल्यावर एकूण उत्पन्न १२,२५,००० रु. होते. दरांप्रमाणे ६३,७५० रु. येणारा कर सीमांत सवलतीमुळे २५,००० रु. वर येतो व उपकरासह २६,००० रु. होतो. ग्राहकाने १०% दराने ४०,००० रु. कापले असतील, तर १४,००० रु. परत मिळतील, काहीच कापले नसेल, तर २६,००० रु. त्याने १५ मार्चपर्यंत आगाऊ भरावयास हवेत.

इतर आकारणी : वस्तू व सेवा कर हा प्राप्तिकराहून वेगळा असून सेवांसाठी त्याची नोंदणी सामान्यतः २० लाख रु. च्या वार्षिक उलाढालीपलीकडे लागते. मंचावरील प्रवासी वाहतुकीचा हा कर कंपनीच भरते. १ जानेवारी २०२२ पासून उपाहारगृहांच्या सेवा व २२ सप्टेंबर २०२५ पासून स्थानिक घरपोच सेवाही याच पद्धतीखाली आल्या. महाराष्ट्रातील व्यवसाय कर १९७५ च्या राज्य अधिनियमान्वये आकारला जातो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीनुसार मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २% अंशदान द्यावयाचे असून ते कामगारांना देय रकमेच्या ५% हून अधिक असू नये. हे अंशदान कंपनीचे आहे. तो कामगारावरील कर नव्हे.

इतर देश : ग्रेट ब्रिटनमध्ये २०१७ पासून जोडधंद्याच्या वार्षिक १,००० पौंडांपर्यंतच्या जमेस करमाफी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना किमान वेतन व रजा यांचे हक्क असणारे कामगार ठरविले, तरी त्यायोगे ते प्राप्तिकरासाठी आपोआप नोकर ठरले नाहीत. अमेरिकेत स्वयंरोजगाराचे निव्वळ उत्पन्न ४०० डॉलर वा अधिक झाल्यास प्राप्तिकराखेरीज १५.३% दराने स्वयंरोजगार करही भरावा लागतो. त्यातून सामाजिक सुरक्षा व वृद्धांची वैद्यकीय मदत यांचा हक्क निर्माण होतो. यूरोपीय संघाने १ जानेवारी २०२३ पासून मंचांवर विक्रेत्यांच्या प्राप्तीची माहिती करखात्यास कळविण्याचे बंधन घातले आहे.

मूल्यमापन : भारतातील बहुसंख्य मंच कामगारांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच असते. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न कर किती भरावा, हा नसून आपले उत्पन्न कसे सिद्ध करावे, हा आहे. त्यांच्याजवळ वेतनपत्रक नसते. घरासाठी वा वाहनासाठी कर्ज मागताना बँक विवरणपत्रेच मागते. रस्त्यावर राबणाऱ्या या वर्गास अपघाताचा धोका मोठा असतो. कमावता माणूस गेल्यास त्याच्या कुटुंबास मिळणारी भरपाई त्याच्या सिद्ध झालेल्या उत्पन्नावरून ठरते. मृताचे वार्षिक उत्पन्न ठरविताना प्राप्तिकर विवरणपत्र या वैधानिक दस्तऐवजावर विसंबता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. अनुमानित आकारणीचा दुसरा चेहरा येथे दिसतो. वरील उदाहरणातील चालकाने नफा ६०,००० रु. दाखविला काय किंवा ३,३०,००० रु. दाखविला काय, कर शून्यच होता. परंतु पहिला आकडा लिहिल्याने त्याचे कष्ट हलके झाले, तसा त्याच्या कमाईचा पुरावाही पाचव्या हिश्श्याहून कमी झाला. कायद्याने दिलेली सवलत घेणे योग्यच आहे. तथापि कर वाचत नसेल तेथे खरा नफा हिशेबाने दाखविणे, यातच कामगाराचे व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचे हित असते. यासाठी लागतात त्या गोष्टी थोड्याच आहेत : धंद्यासाठी वेगळे बँक खाते, इंधन व दुरुस्तीच्या पावत्या, मंचाकडून मिळणारी मासिक विवरणे आणि मुदतीत दिलेले विवरणपत्र. नोकरदाराच्या वतीने कचेरीतील लेखापाल जे काम करतो, तेच या वर्गास आठवड्यातील एखादा तास खर्चून स्वतः करावे लागते.